जन्मजात दुभंगलेले ओठ आणि टाळू : शस्त्रक्रियेपलीकडचा हिशेब



वार्षिक अहवालातील ताळेबंद आणि तक्ते यांच्या जोडीला एखाद्या आजाराची सर्वांना उमजेल अशी माहिती द्यावी, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे. यंदाचा विषय आहे बालकांच्या चेहऱ्याची जन्मजात व्यंगे, आणि त्यांतही प्रामुख्याने दुभंगलेला ओठ व दुभंगलेली टाळू. या बालकांविषयी देणगीदारांच्या मनात विशेष ममत्व असते. “एका शस्त्रक्रियेला किती खर्च येतो? तेवढी रक्कम आम्ही देतो,” असे अनेक जण आपुलकीने म्हणतात. त्या भावनेबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. तथापि, या बालकाचा खर्च ‘एक शस्त्रक्रिया’ या एककात का मोजता येत नाही, हे स्पष्ट करणे आम्हांस अगत्याचे वाटते. लेखाचा सारा रोख त्या एका मुद्द्यावर आहे.

व्यंग कसे निर्माण होते?

गर्भावस्थेत बाळाचा चेहरा एकसंध घडत नाही. कपाळाकडून एक आणि दोन्ही गालांकडून दोन असे मांसल उंचवटे वाढत येतात आणि मध्यभागी परस्परांना जुळतात. वरचा ओठ साधारणपणे गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात पूर्ण होतो. तोंडाच्या आतील छत, म्हणजे टाळू, त्यानंतर सहाव्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत जुळत जाते. काही कारणाने ही जुळणी अपुरी राहिली, तर तेथे फट राहते. ही फट कधी ओठाच्या कडेवरील लहानशा खाचेइतकी असते, कधी नाकपुडीपर्यंत जाते, तर कधी हिरडी व टाळू यांतून थेट घशापर्यंत पोहोचते. ती एका बाजूस किंवा दोन्ही बाजूंस असू शकते. एकाच बाजूची फट असेल, तर ती डावीकडे अधिक आढळते. ओठाचे व्यंग मुलांमध्ये अधिक, तर केवळ टाळूचे व्यंग मुलींमध्ये अधिक दिसते.

येथे एका शब्दाचा खुलासा करणे अवश्य आहे. आपल्याकडे ‘टाळू’ म्हटले की बाळाच्या डोक्यावरील मऊ जागा डोळ्यांपुढे येते. आजी तेल भरते ती ही टाळू. दुभंगलेली टाळू म्हणताना मात्र तोंडातील, जिभेचे टोक वर नेले असता लागणारी टाळू अभिप्रेत असते. हा फरक न उमगल्यामुळे, “डॉक्टर टाळू फाटली म्हणतात, पण डोके तर चांगले आहे,” असे समजून घरची मंडळी निर्धास्त राहण्याचा संभव असतो.

ओठाचे व्यंग जन्मतःच सर्वांना दिसते. केवळ टाळूचे व्यंग असलेल्या बाळाचा चेहरा मात्र इतर बाळांसारखाच असतो आणि नेमके तेच बाळ नजरेतून सुटते. यास्तव जन्मानंतर लगेच प्रत्येक बाळाचे तोंड उघडून, बॅटरीच्या प्रकाशात टाळू शेवटच्या पडजिभेपर्यंत पाहणे आवश्यक आहे. या तपासणीस एक मिनिटही लागत नाही आणि काहीही खर्च येत नाही. घरी किंवा अन्यत्र जन्मलेले बाळ दूध पिताना वारंवार ठसकत असेल, दूध नाकातून बाहेर येत असेल वा वजन वाढत नसेल, तर आप्तेष्टांनी ही तपासणी आग्रहाने मागून घ्यावी.

आपल्या जिल्ह्यात अशी बालके किती?

भारतात साधारणपणे ७०० ते ८०० जन्मांमागे एका बाळास हे व्यंग असते, असे मानले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १३ लाख आहे. राज्याचा जन्मदर हजारी सुमारे १५ धरला, तर जिल्ह्यात वर्षाला साडेएकोणीस हजारांच्या आसपास बालके जन्मास येतात. त्यावरून आर्वी, आष्टी, कारंजा, सेलू, देवळी, वर्धा, हिंगणघाट आणि समुद्रपूर या आठही तालुक्यांत मिळून दरवर्षी सुमारे २५ बाळांना हे व्यंग असावे, असा अंदाज निघतो. हा हिशेब ढोबळ आहे. पण प्रश्नाचा आवाका समजण्यास तो पुरेसा आहे.

‘वर्षाला २५’ हा आकडा ऐकून हा प्रश्न आटोक्यातला वाटतो. परंतु पुढे दर्शविल्याप्रमाणे या बालकाचे उपचार जन्मापासून सुमारे अठराव्या वर्षापर्यंत चालतात. २५ ला १८ ने गुणले असता ४५० येतात. म्हणजे कोणत्याही एका दिवशी जिल्ह्यात उपचाराच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर असलेली, किंवा असायला हवी होती अशी, सुमारे साडेचारशे मुले-मुली आहेत. शस्त्रक्रियांचा विचार करताना आपल्यापुढे २५ बाळे असतात. उर्वरित सव्वाचारशे मुले मोठी झालेली असतात, त्यांचा ओठ बहुधा शिवलेला असतो आणि म्हणून ती कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

ग्रहण, दोष आणि खरी कारणे

गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, विळीने भाजी चिरली, म्हणून बाळाचा ओठ चिरला गेला, ही समजूत आपल्याकडे आजही दृढ आहे. कोणाच्याही श्रद्धेचा उपमर्द न करता काही गोष्टी विचारार्थ मांडतो. २६ डिसेंबर २०१९ चे सूर्यग्रहण असो वा ७ सप्टेंबर २०२५ चे चंद्रग्रहण, प्रत्येक ग्रहणाच्या दिवशी देशात लक्षावधी स्त्रिया गरोदर असतात. ग्रहण हे कारण असते, तर त्यानंतरच्या काही महिन्यांत अशा बाळांची लाटच आली असती. तसे घडत नाही. ही बाळे वर्षाचे बारा महिने जन्मास येतात. ज्या देशांत ग्रहण पाळण्याची रूढी नाही, तेथेही हे व्यंग आढळतेच. शिवाय ओठाची घडण सातव्या आठवड्यापर्यंत पूर्ण झालेली असते. पाचव्या-सहाव्या महिन्यातील ग्रहणात सुनेने काय चिरले, याचा बाळाच्या ओठाशी काहीही संबंध असू शकत नाही.

ही चर्चा निव्वळ ज्ञानाची नाही. या समजुतीमुळे दोषाचे सारे ओझे बाळंतिणीच्या माथी येते. तिला बाळासह माहेरी धाडले जाते, बारशाला कोणी येत नाही आणि बाळाला बाहेर नेताना पदराखाली झाकले जाते. परिणामी उपचारास आणण्यात अमूल्य महिने वाया जातात.

वैद्यकशास्त्रानुसार बहुतेक बालकांत कोणतेही एकच कारण दाखविता येत नाही. अनेक जनुकांचा आणि गर्भारपणातील परिस्थितीचा तो एकत्रित परिणाम असतो. आईचे धूम्रपान, अनियंत्रित मधुमेह आणि अपस्माराची काही औषधे यांमुळे धोका वाढतो, हे ज्ञात आहे. अपस्माराचे औषध मात्र स्वतःच्या मनाने कदापि बंद करू नये. गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांकडून ते बदलून घ्यावे. खर्रा, गुटखा, गुडाखू यांसारखे तंबाखूचे सर्व प्रकार गर्भास घातकच आहेत आणि आपल्या भागात त्यांचे प्रमाण मोठे आहे. फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांमुळे मेंदू व मज्जारज्जूची जन्मजात व्यंगे टळतात, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. ओठ-टाळूच्या बाबतीत पुरावा तितका ठाम नाही. तरीही गर्भधारणेच्या आधीपासूनच त्या घेणे सर्व दृष्टींनी हितावह होय. आई-वडिलांना हे व्यंग नसताना पहिल्या बाळास ते असल्यास, पुढील बाळास असण्याची शक्यता शंभरात सुमारे तीन ते पाच इतकी असते. म्हणजे पंचाण्णवांहून अधिक वेळा पुढील बाळ या व्यंगाविना जन्मते. ही बाब प्रत्येक कुटुंबास स्पष्टपणे सांगितली गेली पाहिजे.

पहिली लढाई दुधाची

अशा बाळाच्या आयुष्यातील पहिला धोका चेहऱ्याचा नसून उपासमारीचा असतो. टाळूला फट असली की तोंड व नाक एकच होते. बाळ कितीही जोर लावो, चोखण्यासाठी लागणारी पोकळी तोंडात निर्माण होत नाही. बाळ तासभर छातीशी असते, दमून झोपी जाते, आई समाधानाने त्याला निजविते आणि पोटात मात्र फारसे काही गेलेले नसते. केवळ ओठ दुभंगलेले बाळ बहुधा अंगावर पिऊ शकते. टाळू दुभंगलेल्या बाळासाठी आईचे दूध पिळून काढून वाटी-चमच्याने वा बोंडल्याने पाजावे लागते.

आपल्या घरांतील जुने बोंडले येथे कामास येते, हे सांगण्यास आनंद होतो. ते दर वेळी स्वच्छ धुऊन पाण्यात उकळून घ्यावे. बाळास आडवे न ठेवता, डोके उंच राहील असे मांडीवर बसते धरावे. थोडे थोडे दूध गालाच्या आतील बाजूस सोडावे आणि मधून मधून ढेकर काढावी. थोडेसे दूध नाकातून आले तरी घाबरून पाजणे थांबवू नये. एका वेळेस अर्ध्या तासाहून अधिक वेळ लावू नये, कारण तेवढ्या श्रमात बाळाची शक्ती खर्च होते. दर आठवड्यास वजन करून ते लिहून ठेवावे.

वजनाचा हा आग्रह शस्त्रक्रियेशी निगडित आहे. ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी शल्यचिकित्सकांमध्ये ‘दहाचा नियम’ प्रचलित आहे : वय किमान १० आठवडे, वजन किमान १० पौंड म्हणजे सुमारे साडेचार किलो, आणि हिमोग्लोबिन किमान १० ग्रॅम. वजन भरले नाही, तर भूल देणे धोक्याचे ठरते आणि शस्त्रक्रिया पुढे जाते. शस्त्रक्रियेसाठी देणगी तयार असूनही ती वापरता येत नाही, कारण पहिल्या दोन महिन्यांत त्या आईला पाजण्याची रीत शिकविणारे कोणी भेटलेले नसते.

उपचारांचा क्रम

सर्वसाधारणपणे उपचार पुढील क्रमाने होतात. प्रत्येक बालकाच्या प्रकृतीप्रमाणे वेळापत्रक बदलू शकते.

१. जन्म ते ३ महिने : दूध पाजण्याचे शिक्षण, वजनाची नोंद, हृदय व अन्य अवयवांची तपासणी, नेहमीचे लसीकरण.
२. ३ ते ६ महिने : ओठाची शस्त्रक्रिया. यात कातडीबरोबर ओठाचे स्नायूही जुळविले जातात.
३. ९ ते १८ महिने : टाळूची शस्त्रक्रिया. बोलणे सुरू होण्यापूर्वी ती होणे इष्ट.
४. दीड ते ६ वर्षे : वाचा-उपचार, कानांची व श्रवणशक्तीची नियमित तपासणी. काही मुलांना टाळूची दुसरी शस्त्रक्रिया.
५. ८ ते ११ वर्षे : हिरडीतील फटीत हाड भरणे, जेणेकरून सुळ्यास आधार मिळेल. दात सरळ करण्याचे उपचार.
६. १६ ते १८ वर्षे व पुढे : आवश्यकतेनुसार जबडा व नाक यांच्या शस्त्रक्रिया.

यावरून ध्यानात येईल की प्लॅस्टिक सर्जन, बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ, दंतवैद्य आणि वाचा-उपचारतज्ज्ञ अशा अनेकांची एकत्र गरज लागते. आपल्या जिल्ह्याचे भाग्य असे की १९६९ साली स्थापन झालेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे कस्तुरबा रुग्णालय, तसेच सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय व शरद पवार दंत महाविद्यालय जवळच आहेत. नागपूरही दूर नाही. लहान धर्मादाय रुग्णालयाने हे सर्व विभाग स्वतः उभारण्याची गरज नाही. व्यंग वेळेवर ओळखणे, बाळास शस्त्रक्रियेयोग्य करणे आणि त्यानंतर त्याला वाऱ्यावर न सोडणे, हे आपले काम आहे असे आम्ही मानतो.

‘बाबा’ आणि ‘मामा’

ओठाची शस्त्रक्रिया झाली की घरात दिवाळी असते आणि तसे होणे स्वाभाविकच आहे. मूल आता चारचौघांत नेता येते. मात्र येथेच सर्वांत मोठा धोका संभवतो. चेहरा सुधारला, आता काय राहिले, अशा समजुतीने टाळूच्या शस्त्रक्रियेची तारीख टळते. कधी पेरणी आडवी येते, कधी कापसाची वेचणी, कधी घरातील लग्न. टाळू कोणास दिसत नाही. त्यामुळे तिची निकडही जाणवत नाही.

टाळूचे काम काय, हे एका साध्या प्रयोगाने कळते. ‘बाबा’ म्हणताना मागची मऊ टाळू वर उचलली जाऊन नाकाची वाट बंद करते, म्हणून ‘ब’ उमटतो. ती वाट उघडी राहिली, तर ओठांची हालचाल तीच असूनही ‘मामा’ असे ऐकू येते. टाळूची फट न जुळलेले मूल वडिलांना हाक मारते आणि घरच्यांना ती मामांना मारल्यासारखी वाटते. प, ब, ट, ड, क, ग ही सारी अक्षरे नाकातून निसटतात. बुद्धीने उत्तम असलेले मूल शाळेत उत्तर माहीत असूनही हात वर करीत नाही, आणि काही काळाने शिक्षकही त्यास विचारीनासे होतात. टाळूच्या स्नायूंचा कानाच्या नळीशीही संबंध असतो. त्यामुळे अशा मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचते, ऐकू कमी येते आणि कमी ऐकणारे मूल अधिकच कमी बोलते.

टाळू वेळेवर शिवली तरी मुलास चुकीच्या ठिकाणाहून अक्षरे काढण्याची सवय लागलेली असू शकते. ती मोडण्यासाठी महिनोन्‌महिने वाचा-उपचार लागतात. हा उपचार म्हणजे मुलासमोर बसून ‘पापा’, ‘टाटा’, ‘काका’ पुनःपुन्हा म्हणवून घेणे, नाकाखाली आरसा धरून वाफ येते का ते पाहणे, आणि घरी काय सराव करावा हे आईस शिकविणे. यात रक्त नाही, टाके नाहीत, ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रेही नाहीत. त्यामुळे यासाठी देणगी मागणे अवघड जाते. तरीही मूल दहावीपर्यंत शिकेल की शाळा सोडेल, हे पुष्कळ अंशी या सरावावर ठरते.

चेहऱ्याच्या व कवटीच्या अन्य जन्मजात अवस्था

दुभंगलेल्या ओठ-टाळूखेरीज इतर काही अवस्थांचा उल्लेख येथे करणे उपयुक्त ठरेल. काही बाळांचा खालचा जबडा फार लहान असतो, जीभ मागे पडून श्वास कोंडतो आणि टाळूही दुभंगलेली असू शकते. अशा बाळास उताणे निजविणे धोक्याचे असते. त्यास त्वरित रुग्णालयात आणावे. काहींच्या कवटीच्या हाडांचे सांधे वेळेपूर्वी जुळतात, डोके एका बाजूस चपटे वा उंच होत जाते आणि मेंदूच्या वाढीस जागा अपुरी पडू शकते. हे न्हाऊ घालणारीने डोके चोळून दुरुस्त होत नाही. त्यासाठी पहिल्या वर्षातच तज्ज्ञांचा सल्ला हवा. काहींच्या बाह्य कानाची वाढ अपुरी असते. कानाचा आकार नंतर घडविता येतो, परंतु ऐकण्याची तपासणी लगेच झाली पाहिजे. नाकाच्या मुळाशी जन्मतः मऊ गाठ असल्यास ती कदापि दाबू वा फोडू नये, कारण तिचा मेंदूशी संबंध असू शकतो. चेहऱ्याचे कोणतेही व्यंग असले की हृदयाचीही तपासणी करून घ्यावी. काही बालकांत दोन्ही व्यंगे एकत्र असतात.

या वाटेवरील पूर्वसूरी

दुभंगलेला ओठ आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हता. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ओठाच्या विकारांमध्ये ‘खंडौष्ठ’ हे नाव येते. अलीकडच्या काळात महाराष्ट्रातील हजारो घरे ज्यांचे नाव कृतज्ञतेने घेतात, ते म्हणजे पद्मश्री डॉ. शरदकुमार दीक्षित. पंढरपूर येथे जन्मलेले हे प्लॅस्टिक सर्जन अमेरिकेत स्थायिक झाले. परंतु १९६८ पासून ते दरवर्षी मायदेशी येऊन मोफत शिबिरे घेत. अपघाताने आलेले अपंगत्व, स्वरयंत्राचा कर्करोग आणि हृदयविकार यांवर मात करून त्यांनी हे व्रत चालविले. त्यांना २००१ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०११ साली त्यांचे निधन झाले. भारतीय जैन संघटनेसारख्या संस्थांनी त्यांची शिबिरे महाराष्ट्रात गावोगावी पोहोचविली. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्माइल ट्रेन’ या संस्थेने पाहुण्या सर्जनांऐवजी स्थानिक सर्जनांना साहाय्य देऊन वर्षभर मोफत शस्त्रक्रिया चालविण्याची पद्धत रुजविली. उत्तर प्रदेशातील पिंकी नावाच्या मुलीवरील ‘स्माइल पिंकी’ या माहितीपटास २००९ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले आणि हा प्रश्न घराघरांत पोहोचला.

शासनाच्या बाजूनेही महत्त्वाची पावले पडली. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातीलच पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. जन्म ते १८ वर्षे वयाच्या बालकांच्या तपासणीत दुभंगलेले ओठ-टाळू या व्यंगाचा त्यात स्पष्ट समावेश आहे. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि शाळांना भेट देणारी वैद्यकीय पथके यांच्यामार्फत ही तपासणी होते.

या सर्व प्रयत्नांमुळे शस्त्रक्रियेचा खर्च हा आता पूर्वीइतका मोठा अडसर राहिलेला नाही. अडसर आता तिच्या अलीकडे आणि पलीकडे आहे.

पैशाचा प्रश्न

धर्मादाय रुग्णालयांना लागू असलेल्या, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ अअ खालील योजनेनुसार (उच्च न्यायालयाच्या आदेशान्वये १ सप्टेंबर २००६ पासून) १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. तसेच एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचाही आधार अनेक कुटुंबांना मिळतो. कुटुंबांनी रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन प्रथम समाजसेवा अधीक्षकांस भेटावे. कोणत्या योजनेत काय बसते, ते तेथे सांगितले जाईल.

मात्र या तरतुदी रुग्णालयाच्या देयकासाठी आहेत. कारंज्याहून वा समुद्रपूरहून वाचा-उपचारासाठी येणाऱ्या मातेचा एक दिवस त्यांत कोठेही धरलेला नाही. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.मध्ये महिलांना अर्धे भाडे आहे, ही मोठी सोय झाली. पण वेचणीच्या दिवसांत बुडालेली मजुरी अर्धी होत नाही, ती पूर्णच बुडते. महिन्यातून दोन खेपा म्हटल्या, तरी वर्षात चोवीस दिवसांची मजुरी जाते. शेतमजूर कुटुंब तिसऱ्या खेपेनंतर येईनासे होते, यात निष्काळजीपणा नाही. तो त्यांच्या घरचा जमाखर्च आहे.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर शस्त्रक्रिया हा एकरकमी खर्च आहे आणि तिच्यासाठी जमा उपलब्ध होते. वाचा-उपचार, श्रवण-तपासणी, दंतोपचार, प्रवास व मजुरीची भरपाई आणि न आलेल्या मुलाच्या घरी जाऊन चौकशी करणारा कार्यकर्ता हे आवर्ती खर्च आहेत. त्यांची रक्कम दर खेपेस लहान असते, पण ती अठरा वर्षे लागते. एकरकमी देणगीवर आवर्ती खर्च चालविता येत नाही, हे व्यवहारातील प्रत्येकास ठाऊक आहे.

लहान व नियमित वर्गणीची परंपरा आपल्या जिल्ह्यास नवीन नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या सुमारास परिसरातील गावांत ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन आरोग्य विम्याची योजना सुरू केली होती. सुगीला कास्तकाराने आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यावी आणि वर्षभर उपचाराचा आधार मिळावा, असे तिचे स्वरूप होते. चेहऱ्यावरून माणसाला दूर लोटू नये, हा धडाही या जिल्ह्याने फार पूर्वी गिरविला आहे. ज्या काळी कुष्ठरुग्णास गावाबाहेर काढीत, त्या काळी, १९३६ साली, मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम उभे केले.

आवाहन

आप्तेष्टांना आमची विनंती अशी : बाळाची प्रत्येक तारीख जपून ठेवा. ओठ बरा झाला म्हणजे उपचार संपले असे समजू नका. येणे अशक्य झाले, तर तसे कळवा, म्हणजे दुसरी तारीख देता येईल. सोनोग्राफीत बाळाचा ओठ दुभंगलेला दिसला तर खचून जाऊ नका. जन्माआधीच कळल्यामुळे पाजण्याची तयारी करण्यास वेळ मिळाला, असे समजा. आणि बाळंतिणीला दोष देऊ नका.

देणगीदारांना विनंती अशी : आपली देणगी शस्त्रक्रियेच्या नावे न देता बालकाच्या नावे द्यावी. एका मुलाच्या एका वर्षाच्या खेपांची जबाबदारी घ्यावी आणि शक्य असल्यास पुढील वर्षी ती पुन्हा घ्यावी. अशा देणगीतून आपणांस छायाचित्र मिळेलच असे नाही. मिळालेच तर वर्षाअखेरीस एक नोंद मिळेल : मूल इतक्या वेळा आले, इतकी अक्षरे स्पष्ट झाली, अमुक इयत्तेत गेले.

विश्वस्त मंडळासमोर आम्ही नम्र सूचना ठेवतो की या आवर्ती खर्चासाठी स्वतंत्र शीर्षाखाली निधी उघडावा, त्याची मूळ रक्कम ठेव म्हणून सुरक्षित ठेवावी आणि व्याजातून वरील खर्च भागवावा. पुढील अहवालात शस्त्रक्रियांच्या संख्येशेजारी आणखी एक रकाना असावा : उपचाराच्या वाटेवर टिकून राहिलेली मुले. आमच्या मते आपल्या कामाचे खरे माप त्या रकान्यात दिसेल.